वरणाचा उपास

मोताळ्याचे किसनराव गेल्या सोमवारपासून भाकर पीत होते. जनकाबाई भाकर कुस्करायच्या, पातळ वरणात भिजवायच्या, रवीनं घुसळायच्या आणि पेला पुढं ठेवायच्या. किसनराव पेल्याकडं असे पाहायचे, की आत एखादा ओळखीचा माणूस बुडाला असावा.

झालं होतं एवढंच, की फुटाणे खाताना डाव्या कानापुढं 'कट्' असा आवाज झाला आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडू लागलं. दातांच्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि सांगितलं, "जबड्याचा सांधा दुखावलाय. थोडे दिवस त्याला आराम द्या. मऊ, पातळ खा. चावायचं काही नको. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा."

किसनराव गोंधळले. गुडघा दुखला तर माणूस खाटेवर पडतो. जबड्याला आराम द्यायचा तर जबडा खाटेवर टाकून बाकीच्या माणसानं कुठं जायचं?

खरी अडचण रविवारची होती. पिंपळगाव राजा या गावी वामनरावांकडं घर पाहायला जायचं होतं. त्यांचा मुलगा राजकुमार किसनरावांच्या लेकीला, मयुरीला, पाहून गेला होता. मयुरीला तो पसंत होता, हे ती घरात इतक्या कसोशीनं लपवत होती की सगळ्यांना कळलं होतं. आता घर पाहायचं आणि तिथं जेवायचं. घर पाहायला गेलेले पाहुणे जेवून उठले की सोयरीक जमली. नुसता चहा पिऊन उठले, तर कोणी तोंडानं नाही म्हणत नाही, पण पुढं फोनही कोणी करत नाही.

"फोन करून सांगू त्याइले," किसनराव दातांच्या फटीतून म्हणाले. "मले चावता येत नाही म्हणा."

"बिलकूल सांगू नका," जनकाबाई म्हणाल्या. "वामनराव गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष हायेत. तोंड उघडत नाही म्हटलं, का पयले इचारतीन, खर्रा किती वर्सापासून खाता?"

"म्या त कधी खाल्लाच नाही."

"मंग दाखवा न खाल्लेला."

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंड बंद पडलेले लोक गल्लोगल्ली होते. फुटाणे खाऊन बंद पडलेले किसनराव एकटेच होते. एकट्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?

"बाबा, कायबी करा, पण जेवून या," मयुरी म्हणाली आणि लगेच आत गेली.

रविवारी वामनरावांनी स्वागत जोरात केलं. पहिल्यांदा हुरडा आला. किसनरावांनी हात जोडले. मग उसाचे करवे आले. त्यांनी पुन्हा हात जोडले. मग खारकांची वाटी आली, तेव्हा हात जोडलेलेच होते.

"पाहुणे लाजून राह्यले," वामनराव म्हणाले आणि विहीर दाखवायला घेऊन गेले. विहीर, मोटारपंप, गोठा, वरची खोली. किसनराव मान हलवत होते. गोठ्याजवळ त्यांना जांभई आली. त्यांनी घाईनं हनुवटीखाली मूठ लावली आणि डोळे मिटले. वामनरावांनी गाईकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं. गाय चांगली दूध देणारी होती. तिच्यात विचार करण्यासारखं काय दिसलं, हे त्यांना कळेना.

पाटावर बसल्यावर घोटाळा पक्का झाला. ताटात रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, चांगले टणक. शेजारी वांग्याची भाजी. किसनरावांनी रोडग्याला बोट लावलं. रोडग्यानं दाद दिली नाही. त्यांनी वरणाची वाटी उचलली आणि पिऊन टाकली. राजकुमारनं पुन्हा वाढलं. तीही संपवली. चौथ्या वाटीला राजकुमारनं बापाकडं पाहिलं.

तेवढ्यात जनकाबाईंचा फोन वाजला. पलीकडं मयुरी होती.

"आई, बाबा जेवले का?"

"पेले," जनकाबाई हळूच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चुलीपाशी बसलेल्या तानुबाई, वामनरावांच्या आई, हे सगळं बघत होत्या. त्या लेकाला म्हणाल्या, "वामन, हे जेवण धराचं का चहा धराचा?"

"वरण हाये न माय."

"पेलं त चहाच झाला."

"चहात कोणी तूप टाकते का?"

प्रश्न बिनतोड होता. वामनराव अवघडून म्हणाले, "पाहुणे, आमच्या घरात काई कमी दिसली का?"

किसनरावांनी जोरात 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. कट् झालं. ते तसेच थांबले आणि कळवळून नवसाला उभ्या राहिलेल्या माणसासारखं छताकडं पाहू लागले.

"त्याइले उपास हाये," जनकाबाई म्हणाल्या.

"रविवारी कायचा उपास?" तानुबाईंनी विचारलं. "आन् उपासाले वरण कसं चालते, इहीनबाई?"

जनकाबाई मागं फिरू शकत नव्हत्या. "वरणाचाच हाये. कायले दात लावाचा नाही. जास्त बोलाचं नाही. पोरीचा संसार सुखाचा व्हावा म्हणून बापानं कराचा असते."

तानुबाईंनी आयुष्यात होते नव्हते ते सगळे उपास केले होते. हा सुटला कसा, याचंच त्यांना आश्चर्य वाटत होतं. "कवरोक कराचा?"

"लगन लागेपावतर," जनकाबाईंच्या तोंडून निघून गेलं. किसनरावांनी छतावरची नजर बायकोवर आणली, पण बोलता येत नव्हतं.

वामनरावांचे डोळे भरून आले. सोयरीक पक्की झाली. पाहुणे उठायच्या आत तानुबाई म्हणाल्या, "पोरीचा बाप करते, मंग पोराच्या बापानं काऊन नाही? उद्यापासून वामनबी करते."

वामनरावांचे भरलेले डोळे तसेच राहिले. कारण बदललं.

वरणानं गुण आला. पंधरवड्यात किसनरावांचा जबडा सुटला. डॉक्टरांनी हळूहळू भाकर खायला हरकत नाही म्हणून सांगितलं. जनकाबाई मात्र हरकत घेत होत्या. लग्न फाल्गुनात होतं आणि उपास उघडा पडला, तर खोटेपणाही उघडा पडणार होता. तरी एका दुपारी किसनरावांनी दार लोटून मऊ भाकर आणि ठेचा पुढ्यात घेतला. दुसरा घास तोंडात असताना दार ढकलून वामनराव आत आले. ते निम्मे झाले होते.

घास ना गिळता येईना, ना काढता. आतल्या दारात मयुरी भिंतीला टेकून उभी राहिली. जनकाबाई हातातलं पीठ पुसायचं विसरल्या.

"इवाई," किसनराव कसाबसा घास उतरवून म्हणाले, "खरं सांगतो. उपास-बिपास काई नव्हता. माह्या जबड्याचा सांधा दुखत होता. खर्रा नाही खात मी. आता बरा झाला, म्हणून जेवून राह्यलो."

वामनरावांनी शांतपणे चपला काढल्या आणि शेजारी बसले.

"असू द्या, इवाई. उपास मोडला त मोडला. आपल्या घरात लाज कायची? त्याच्यासाठी जबड्याचं कायले सांगता?"

"अवो, खरंच जबडा..."

"पोरीसाठी एवढे दिवस केला, हे का कमी हाये?" त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वहिनी, अर्धी भाकर मलेबी द्या. एकट्यानं मोडला त दोष लागते. दोघायनं मोडला का बरोबरी."

मयुरीनं अर्धी नाही, दोन भाकरी आणल्या. वामनरावांनी त्या संपवल्या, वर ठेचाही पुसून खाल्ला. हात धुतले. दोन वेळा चूळ भरली. तळहातावर फुंकर मारून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी," ते म्हणाले, "वाटीभर वरण हाये का? घरी माय तोंडाचा वास घेते."