गोल टेबलाचं शेपूट

पाथरीकर काका गोल टेबलाला टेप लावून त्याचं शेपूट शोधतात. "काका, गोलाला कुठलं शेपूट?" म्हटलं की चिडतात. "असतंय! शोधावं लागतंय."

काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, उस्मानपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच. बिल्डिंगखाली राक्षस-जादूगारांच्या कार्डांच्या खेळाचं दुकान निघालं, तेव्हा गोंगाटाची तक्रार करायला उतरले अन् तिथंच रमले. त्या वर्षी शहरात नव्या इमारती चढत होत्या, नळाला मात्र आठव्या दिवशी पाणी. त्यात या खेळाची राज्यस्तरीय स्पर्धा आपल्याकडं आली आणि ड्राफ्ट कसा खेळवायचा ते ठरवायचं काम कमिटीनं काकांकडं दिलं. वयाचा मान, दुसरं काय!

ड्राफ्ट तसा सोपा. आठ जण गोल बसतात, प्रत्येक जण पाकीट फोडतो, एक कार्ड ठेवतो, बाकीची शेजाऱ्याला सरकवतो. जमलेल्या कार्डांवर मग सामने.

काकांना त्यात कालवाच दिसला, ज्याच्या शेपटाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचतच नाही. "वरचा मलई खाणार अन् शेपटाच्या माणसाला गाळ? नाय चालायचं!" मग दर रविवारी काकांच्या घरी आम्हा आठ जणांना बसवून चाचणी. एका रविवारी बाथरूमजवळची खुर्ची शेपूट, तिथल्याला आधी दोन कार्डं. पुढच्या रविवारी शेपूट खिडकीशी. कुणी घाई केली की कालव्याच्या पाणीपाळीची भाषा, "आवर्तन मोडू नका!" चाचणीला प्यायचं पाणी ज्यानं त्यानं घरून आणायचं. खायला कोरडा चिवडा, कारण पोहे भिजवायला पाणी जातं.

असे नऊ रविवार गेले. शेवटी कमिटीचा फोन मला आला, "आज कळवा, नायतर आम्ही दोघादोघांचा झटपट ड्राफ्ट लावतो." मी तणतणत वर गेलो. "काका, बास झालं आता! काय ते एक सांगा."

काका टेप गुंडाळायला लागले. मग म्हणाले, "आठ जणांचा, साधाच. पहिल्याच रविवारी कळलं होतं मला."

"मग बोलला का नाय?"

"ठरलं की तुम्ही यायचे बंद होणार ना रे. काकू गेल्यापासून या घरात आठ माणसं बसली नव्हती."

माझा राग कुठल्या कुठं गेला. लई वाईट वाटलं. तिथूनच मी कमिटीला कळवून टाकलं. मग म्हटलं, "काका, पण एखादा राखीव फॉर्मॅट नको का? ऐन वेळी हॉलची लाईट गेली तर?"

काका टकमक बघायला लागले. "व्हय की! पण त्याला लई रविवार लागतील."

"लागू द्या की," मी म्हणालो.