टेंभुर्णे काकांचा हातपंप

टेंभुर्णे काका माणसाला आधी तोंड उघडायला लावतात, नाव नंतर विचारतात. बदली होऊन मी पवनीकडच्या या गावात शाळेवर रुजू व्हायला आलो, तेव्हा एसटीतून उतरताच एका उंच, काटक म्हाताऱ्याने माझी वाट अडवली. म्हणाला, "हसून दाखवा, गुरुजी." मला वाटलं, गावची स्वागताची रीत असेल. मी हसलो. त्याने वाकून माझे दात पाहिले आणि समाधानाने मान हलवली. "नदीचं पानी पेऊन वाढले तुमी. या, या."

काका आयुष्यभर हातपंपाचे मिस्त्री होते. तालुक्यातला पंप बिघडला की पाने-पेंचीस घेऊन सायकलवर निघायचे. आता निवृत्त झाले, पंप सुटले, दात राहिले. आमच्या भागातल्या काही बोरिंगच्या पाण्यात फ्लोराईड फार. ते पाणी पिऊन वाढलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, आणि पट्टे पाहून काका पंप सांगतात. "हा देवळाजवळचा. हा टोलीवरचा. हा दोन्हीकडचा, घरचे भांडत असतीन." मी एकदा माझ्या वर्गावर काकांची परीक्षा घेऊन पाहिली. एकाच मुलीच्या बाबतीत ते चुकले. ती मामाकडे वाढलेली निघाली. "मंग आधी सांगाचं ना मामाचा गाव!" असं म्हणत काका माझ्यावरच उखडले.

निवडणुकीत चौकात उमेदवाराचा भलामोठा फ्लेक्स लागला. काका त्याच्यासमोर अर्धा तास उभे. "येचे दात इतले पांढरे? हा आपल्या इकडचं पानी पेतच नाई. येले मत कायले द्याचं?" प्रचाराच्या पोराने सांगितलं, काका, दात कॉम्प्युटरवर पांढरे केले. "म्हंजे दात खोटे अन् बाकीचं खरं?" त्या पोराने दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उचलून बाजारात नेऊन लावला.

गावात मुलगी पाहायला पाहुणे येणार असले, की यजमान त्या दिवशी काकांना काहीतरी निमित्त काढून भंडाऱ्याला धाडतात. कारण एकदा भर बैठकीत त्यांनी नवऱ्या मुलाला तोंड उघडायला लावलं होतं आणि वर त्याच्या बापाला विचारलं होतं, "पोरगी देतो, पन ते पानी कोन्तं पेईन तिथं?" मुलगी काकांची कोणी नव्हती.

आमचा जिल्हा तलावांचा. पण उन्हाळ्यात तलावाला भेगा पडतात, नळ आठवड्यातून दोनदा येतो, आणि तेव्हाही ज्याचं पाणी आटत नाही असा एकच पंप गावात आहे. तो काकांच्या दारासमोरचा. पाणी गोड. आणि फ्लोराईड सगळ्यात जास्त त्यातच. तपासणीवाल्यांनी त्यावर लाल रंग फासला आणि पिऊ नका म्हणून सांगितलं. बायांनी आठ दिवसांत रंग घासून काढला. काकांनी नवा दिला. बायांनी तोही काढला.

"आमी उकळून पेतो ना," एक जण म्हणाली.

"उकळल्यानं किडे मरते. हा का किडा हाये?" काका ओरडले.

शेवटी यंदा ऊन तापायला लागलं आणि काकांनी पंपाचा दांडाच खोलून घरात नेला. सकाळी बाया गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन आल्या तर पंप लुळा. मग गल्लीत जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. सरपंचांकडे तक्रार गेली, आणि गुरुजी समजूतदार आहेत म्हणून दांडा परत आणायला मला पाठवण्यात आलं.

दांडा धान साठवायच्या ढोलीत पुरलेला होता. काकांनी ते माझ्यापासून लपवलंही नाही, उलट ढोलीवरच ठाण मांडून बसले होते.

"द्या ना हो काका. भांडी धुवायला तरी."

"भांडे धुतील अन् मंग घोटभर पेतील. मी वळखतो." मग त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गुरुजी, ह्या बोरिंगची जागा तिकडं होती, वडाजवळ. मीनं मशीनवाल्याच्या हातापाया पडून इकडं आनली. सुमनच्या डोक्यावरचा गुंड उतरावा म्हनून. तीस वर्सं तिनं हेच पानी पेलं. आता पाहा. तिले हे मालूम नाई. मी सांगू नाई शकलो."

सुमनकाकू त्यांची बायको. त्यांची पाठ, मान आणि खांदे आखडून गेले आहेत. कोणी हाक मारली तर मान वळत नाही, सगळं अंग वळवावं लागतं. डॉक्टरांनी फ्लोराईड हाडांत भिनल्याचं निदान केलं आहे आणि ते आता मागे फिरणार नाही, असंही सांगितलं आहे.

काकूंसाठी शाळेच्या विहिरीचं बिनफ्लोराईडचं पाणी आणायची वेळ झाली म्हणून काका सायकलला कॅन बांधून मागच्या दाराने सटकले. पुढच्या दारी बाया होत्या. मीही उठलो, तेवढ्यात काकूंनी आतून हाक मारली.

"गुरुजी, तुमाले सांगतलं का त्यायनं मशीनचं?"

मी परत खाली बसलो.

"मले मालूम हाये. त्या मशीनवाल्यायले दोन डाव चहा मीच देल्ला, सारं आयकत होती. बोरिंग लागलं तवा मी घरातले सारे भांडे भरले. मंग वाट्या भरल्या. लगन झाल्यापासून माह्यासाठी कोनं काई आनलंच नव्हतं." त्या हसत होत्या आणि डोळे पुसायला हात वर जात नव्हता. "मले मालूम हाये हे त्यायले सांगू नोका. लय रडतीन."

थोड्या वेळाने काका घामाघूम होऊन परत आले. कॅन उतरवून त्यांनी पहिला ग्लास भरला आणि काकूंच्या ओठांशी धरला. विहिरीचं पाणी मचूळ आहे, शाळेत मी रोज तेच पितो. काकूंनी ग्लास पुरा संपवला.

"कसं हाये आजचं?" काकांनी विचारलं.

"गोड हाये," काकू म्हणाल्या.

बाहेर येऊन मी बायांना सांगितलं की मी सगळं घर पाहिलं, दांडा काही सापडत नाही.