सोनशिंग्याचा पाय आणि शंभर टक्के खात्री

एका जंगलात, बाळांनो, चिरफाड करणारे दोन डॉक्टर होते. एक कासव, दुसरा खेकडा. कासव रोग्याला तपासायचं, विचार करायचं आणि आपण विचार करतोय हे कबूलही करायचं. त्यामुळे त्याच्या दवाखान्यात माशीसुद्धा फिरकत नसे. खेकड्याच्या बिळाबाहेर मात्र रांग.

एकदा सोनशिंग्या नावाच्या सांबराचा मागचा पाय सुजला. जमिनीला टेकवेना. त्याची बायको चांदी त्याला कासवाकडे घेऊन आली.

कासवाने पाय दाबून पाहिला. "आत काटा असावा. नाहीतर हाड सडत असेल. आत्ता नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"पाल्याचा लेप लावून परवापर्यंत पाहू. काटा असेल तर वर येईल. सूज चढली तर पाय काढू. थांबण्यात धोका आहे, वहिनी. पण आज कापला आणि काटाच निघाला, तर पाय परत लावता येत नाही."

चांदी भडकली. "नक्की सांगता येत नाही, तर दवाखाना थाटलात कशाला?"

ती नवऱ्याला घेऊन तडक खेकड्याकडे गेली. खेकड्याने पाय पाहिला. लांबूनच.

"हाड सडलंय. शंभर टक्के. पाय काढायचा."

"थोडं थांबून पाहिलं तर?" सोनशिंग्याने घाबरत विचारलं.

"थांबा की. मरायचं असेल तर खुशाल थांबा."

चांदीला हायसं वाटलं. डॉक्टर असावा तर असा!

पाय कापला. आतून बाभळीचा काटा पडला. हाड धडधाकट होतं.

"डॉक्टर, हा तर काटा," चांदी पुटपुटली.

"वेळेवर आलात म्हणून! हाच पुढे काळजात शिरला असता."

चांदीचे डोळे भरून आले. तिने डॉक्टरांचे पाय धरले. खेकड्याला पाय बरेच. सापडले तेवढे धरले.

पुढे उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ आला. कळप पळाला. सोनशिंग्याही पळाला, जमेल तसा. चांदी मागे वळून त्याला हाका मारत राहिली. नंतर तिने हाका मारणं थांबवलं.

शोकसभेचे अध्यक्ष खेकडाच होते. "ऑपरेशन उत्तम झालं होतं," ते गहिवरून म्हणाले. "वाघ हा माझा विषय नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. चांदीनेही.

त्याच सभेत कासवाचा दवाखाना बंद करायचं ठरलं. ज्याला नक्की माहीत नसतं, त्याच्या हाती जीव द्यायचा तरी कसा?

तात्पर्य: बाळांनो, मोठेपणी डॉक्टर झालात, तर 'मला माहीत नाही' असं चुकूनही म्हणू नका. रोग्याला पाय चार असतात. डॉक्टरला इभ्रत एकच.