मुकुंदकाकांची कंट्रोल रूम

मुकुंदकाका दहिवलीला आमच्या शेजारी राहायला आले, त्याच आठवड्यात त्यांच्या खिडकीतून आवाज आला, "शालन, सासरा तापलाय गं. त्याला जरा बंद करून ठेव."

माझी बायको हातातलं काम टाकून म्हणाली, "अहो, जाऊन बघा. म्हाताऱ्याला डॉक्टर लागेल."

मी गेलो. काकांनी शांतपणे मला जिन्याखालच्या जाळीच्या कपाटापाशी नेलं. आत तीन संगणक होते. सासरा हा सगळ्यांत जुना, कारखान्यातून भंगारात निघालेला. पण प्रिंटर फक्त त्याचंच ऐकतो, म्हणून त्याचा मान. मधल्या संगणकाचं नाव थोरली, मराठी टायपिंग तिच्यावर. आणि जावई म्हणजे पुण्याच्या मुलानं पाठवलेला नवा संगणक. "याला वेगळा पंखा लागतो," काका म्हणाले. "जावयाचं करावं तेवढं थोडंच."

तिघांच्या डोक्यावर एक काळा डबा. त्याला केव्हीएम स्विच म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. तिन्ही संगणकांच्या वायरी त्या डब्यात जातात आणि तिथून दोन टेबलांकडे निघतात. एक टेबल बाहेरच्या खोलीत काकांचं, दुसरं आत स्वयंपाकघराच्या दाराशी काकूंचं. टेबलावर नुसता पडदा, कीबोर्ड आणि माऊस. बटण दाबलं की हवा तो संगणक पुढ्यात हजर. दोघांनी एकच संगणक मागितला, तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसतं, आणि एकाचा हात थांबला की दुसऱ्याला लिहिता येतं.

"पण घरात एवढं कशाला?" मी विचारलं.

"माणसानं जागा सोडायची नाय, सर. काम जागेवर आलं पायजे."

काकांची सगळी नोकरी रसायनीच्या एका कारखान्यात, कंट्रोल रूममध्ये झाली. समोर पडदे, खाली खुर्ची, आणि खुर्ची सोडली तर काहीतरी उतू जाईल ही धास्ती. निवृत्त झाले, मोहोपाड्याची कॉलनी सोडून इथे घर बांधलं, तरी ती धास्ती सामानाबरोबर आलीच. खालापूरला एका लग्नात आम्ही बरोबर गेलो होतो. काकांनी मंडपात तीन खुर्च्या बदलल्या. शेवटी एकीवर बसले आणि म्हणाले, "इथून बरं हाय. नवरानवरी, पंगत आणि आपल्या चपला, तिन्ही दिसतात."

घरात दिवसभर दोन्ही टेबलांमध्ये हाकाटी चालायची. "शालन, जावयाला सोड गं, मला बातम्या बघायच्यात." आतून उत्तर यायचं, "तुमी सासऱ्याकडं बघा. जावयाशी माझं काम चाललंय." पाण्याचं फिल्टर विकायला आलेला एक माणूस हे ऐकून, घरात भांडण चाललंय अशा समजुतीनं, फाटकातूनच परत गेला होता.

शालनकाकू मोहोपाड्याला बालवाडी चालवायच्या. आता त्या रानभाज्यांवर पुस्तक लिहीत होत्या. शेवळं, टाकळा, कोरळ, भारंगी; कुठली कधी उगवते, कशी चिरायची, काय घातलं की खाजत नाही, जसं शेवळांत काकडाची आंबट फळं. डोंगरातल्या बायका कर्जतच्या बाजारात भाजी घेऊन येतात, त्यांना विचारून विचारून काकूंनी हे जमवलं होतं. आमच्या शाळेतल्या मुलांनाही त्यातली पानं वाचून दाखवायची, असं आमचं ठरलं होतं. तीच छापून घ्यायला मी एका रविवारी सकाळी गेलो.

"शेवळांचं पान होतच आलंय. बसा जरा," काकूंनी आतून सांगितलं.

मी काकांशेजारी बसलो. त्यांच्या पडद्यावर थोरली होती. अक्षरं आपोआप उमटत होती, म्हणजे आत काकू लिहीत होत्या. 'शेवववळं नीट धुउउन घ्यावी. ककाकड ठेचून टाककावे.' एकेक अक्षर दोनदा, तीनदा पडत होतं. काकूंचे हात कापतात हे मला ठाऊक होतं. चहाची कपबशी वाजायची. पण लिहिताना इतकं होत असेल, असं वाटलं नव्हतं.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पडद्यावरची अक्षरं थांबली. त्यासरशी काका पुढे झुकले आणि दोन बोटांनी भराभर जास्तीची अक्षरं पुसू लागले. मी तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून मला गप्प केलं.

"आधी एकाच टेबलाचा डबा होता," ते अगदी हळू म्हणाले. "तिचे हात कापायला लागले, तवा हा दोन टेबलांचा आणला. तिला बोलू नका. चुका कळल्या तर लिहायचं सोडील ती."

तेवढ्यात आतून हाक आली. "सर, जरा आत या."

मी स्वयंपाकघरात गेलो. मला वाटलं, दूध वगैरे उतरवायचं असेल. काकू ओट्यापाशी नुसत्या उभ्या होत्या. गॅस बंद होता, त्यावर काहीही नव्हतं.

"काही हवंय का काकू?"

"काय नाय. तुमी तिथं बसलात की त्यांना अवघडल्यागत होतं, म्हणून बोलावलं." त्यांनी बाहेरच्या खोलीकडे कान दिला. कीबोर्डची टकटक चालू होती. "माझ्या हातानं काय होतं ते मला दिसत नाय होय? दोनचार ओळी झाल्या की मी उठते. त्यांचं नीट करून होऊ दे."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"कशाला? कारखाना सुटल्यापास्नं त्यांना लक्ष ठेवायला दुसरं हाय काय?"

बाहेरची टकटक थांबली. काकूंनी कोरडेच हात पदराला पुसले, टेबलापाशी जाऊन बसल्या आणि जरा मोठ्यानं म्हणाल्या, "चला, आता टाकळा."