दोन, तीन, पाच, सात आणि अबोला

परग्रहावर कुणी शहाणं राहत असेल, तर त्याच्याशी बोलायचं कसं, हे मला विचारा! वेधशाळेत बावीस वर्षं मी तेच करतोय. भाषा नको, चित्रं नकोत. नुसत्या मूळ संख्या ठोकायच्या: दोन, तीन, पाच, सात. ऐकणाऱ्याला लगेच कळतं, की पलीकडे कुणीतरी विचार करणारं आहे. त्या गुरुवारी अकरा वाजता माझा हा संदेश समितीपुढे जायचा होता. मंजूर झाला, की थेट अंतराळात!

घरात मात्र तीन दिवस अबोला होता. बाथरूमची कडी अडकते, सुताराला बोलवा, असं बायको महिनाभर सांगत होती. शेवटी म्हणाली, "आकाशातलं कुजबुजणं ऐकता, माझं तेवढं ऐकू येत नाही!"

"तारे निदान तेच तेच बोलत नाहीत!" मी म्हणालो. झालं! तेव्हापासून आमचं बोलणं भिंतीमार्फत. "कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर ठेवलाय," असं ती भिंतीला सांगे. "कुणीतरी साखर विसरलंय," असं मी भिंतीला.

गुरुवारी पावणेदहाला अंघोळ आटोपली आणि कडी अडकली. हाक मारली, तर अबोला मी मोडला असं होणार! पण ठोके म्हणजे काही बोलणं नव्हे. दारावर दोन, तीन, पाच, सात ठोके दिले. बाहेर शांतता. मग तेच नळाच्या पाइपवर, चांगले जोरात.

आणि काय सांगू, वरून उत्तर आलं! ठक, ठक, ठक... मोजले. बरोब्बर अकरा! सातनंतरची मूळ संख्या! टॉवेल सावरत मी फरशी पुसायच्या दांड्याने छतावर तेरा ठोके दिले.

पाच मिनिटांत बेल वाजली, तशी बाथरूमच्या दाराबाहेरूनच पावलं निघाली आणि बाहेरचं दार उघडलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तणतणत आले होते. "अकरा वेळा काठी आपटली, तरी यांचं आपलं चालूच! सुतारकाम काढलंय का?"

"सुतार कुठला आमच्या नशिबात!" बायकोचा आवाज आला. "संशोधन चाललंय."

म्हणजे इतका वेळ ही इथेच, बाथरूमच्या दाराशी उभी होती! आणि समितीला जेमतेम तासभर उरला होता.

"अगं, ऐक ना," हेडमास्तर गेल्यावर मी म्हणालो. "चुकलो. कडीचंही चुकलं, आणि ते ताऱ्यांचं बोललो, तेही चुकलं."

"मी दार उचलून धरते. तुम्ही कडी सरकवा," ती लगेच म्हणाली. कडी सुटली.

"तुला ठोके कळले नाहीत?"

"पहिल्या सातालाच कळले. या घरात दुसरं कोण असं ठोकणार?"

"मग उत्तर का नाही दिलंस?"

"उत्तर द्यावं असं काही बोललात का? नुसती हुशारी दाखवत होतात."

समितीपुढे वेळेत पोचलो, पण मन ठिकाणावर नव्हतं. ते परग्रहावरचेही असेच दाराला कान लावून उभे असतील का? अध्यक्षांनी विचारलं, "उत्तर आलं नाही, तर काय समजायचं?"

"आपलंच काहीतरी चुकलं असेल," माझ्या तोंडून निघून गेलं.

संदेश लांबणीवर पडला. कडी मात्र त्याच संध्याकाळी बदलली.