हळद लावलेली सुकट

"मांजर पकडणं म्हणजे काय वाघ मारणं आहे?" असं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये छाती ठोकून म्हणालो, आणि तिथेच माझे ग्रह फिरले!

गोष्ट २००३ सालची. बडोद्याला सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत मांजरांचा नुसता सुळसुळाट झाला होता. स्कूटरच्या सीटवर मांजर, पाण्याच्या टाकीवर मांजर, आणि जिन्याखाली दर दोन महिन्यांनी नवी बाळंतीण! सेक्रेटरी हर्षदभाई वैतागून गेले होते. हे हर्षदभाई आमचे घरमालकही. येत्या सोमवारी आमचा अकरा महिन्यांचा करार पुन्हा व्हायचा होता, त्यामुळे पुढे होऊन मदत करणं मला भागच होतं.

आता घरातलं गुपित सांगतो. पाच वर्षांपूर्वी फ्लॅट देताना हर्षदभाईंनी विचारलं होतं, "मराठी एटले तमे ब्राह्मण ज ने?" मी तेव्हा त्यांच्याकडचा चहा पीत होतो. बशीवर मान झुकली, त्यालाच त्यांनी होकार समजलं. मी खोटं एक अक्षर बोललो नाही! पण सोसायटी पक्की शाकाहारी, आणि मी पडलो अलिबागचा. दर रविवारी आमच्याकडे दारं-खिडक्या गच्च बंद, तीन उदबत्त्या, अभंगांची कॅसेट मोठ्यांदा, आणि तव्यावर बांगडा! उरलेली डोकी आणि काटे बायको, म्हणजे निरुपमा, "लांब नेऊन टाकते" म्हणायची. किती लांब, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बुधवारी सकाळी प्राणीसंस्थेची डॉक्टर अवंती चार पिंजरे घेऊन आली. दांडिया बाजारातली मराठी मुलगी. तिने सगळ्यांना समजावलं, "पकडायचं, नसबंदी करायची, ओळखीसाठी कानाचं टोक कापायचं, आणि जिथे पकडलं तिथेच परत सोडायचं. दुसरीकडे नेऊन सोडायचं नाही हं काका, नियम आहे!"

"अरे, तू फक्त बघत राहा!" मी म्हणालो.

हर्षदभाईंचा हुकूम होता की पिंजऱ्यात सगळं शुद्ध शाकाहारी ठेवायचं. दूध झालं, मलई झाली, पेढा झाला, वरच्या मजल्यावरून मेथीचे थेपले आले. मांजरं लांबूनच बघत बसली. एक बोका तर पिंजऱ्यावर चढून पाय चाटू लागला! मांजर आत कसं जातं हे दाखवायला मी हात घातला, तेव्हा खटका पडला आणि सकाळची एकमेव शिकार माझ्या मनगटाच्या रूपाने मिळाली.

"काका, सुकी मासळी ठेवा. पाच मिनिटांत येतील," अवंती म्हणाली.

हर्षदभाईंनी डोळे मिटले. मग त्यांना त्यांच्या नव्या गाडीवरचे ओरखडे आठवले असावेत. "एक ज वार!" ते एक बोट उभं करून म्हणाले. "पण लावशे कोण?"

आणणार कोण म्हटल्यावर सगळे माझ्याकडे वळले. मी चेहरा जमेल तितका बावळट केला. "ही... मासळी... कुठल्या दुकानात मिळते हो?"

स्कूटर काढली, कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीवर अर्धा तास काढला, आणि मागच्या जिन्याने घरी शिरलो.

"निरू, डब्यातली सुकट दे. लवकर!"

"अशीच? कच्ची?"

"अगं, मांजरांना घालायचीय!"

"म्हणून काय झालं? आपल्या घरून जाणार ना? लोक काय म्हणतील!" आणि मी अडवेपर्यंत तिने तवा ठेवला, तेल सोडलं, हळद टाकली. वासाची मात्र मला चिंता नव्हती. सोसायटीच्या इतिहासात त्या दिवशी पहिल्यांदाच वासाला सेक्रेटरींची परवानगी होती!

मी सुकट पिंजऱ्यांत ठेवली. हर्षदभाई नाकाला रुमाल लावून वाकले आणि त्यांनी पिवळ्या रंगाकडे बोट दाखवलं. "जयवंतभाई, आ पीळुं पीळुं शुं छे?"

"गंज!" मी म्हणालो. "पिंजऱ्याचा गंज!"

अवंतीने सुकटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती जोरात खोकली. भली मुलगी!

आणि मग काय! खट्, खट्, खट्, खट्! दहा मिनिटांत चार पिंजरे, चार मांजरं! हर्षदभाईंनी मला मिठीच मारली. "तमे तो कमाल करी! सोमवारे कागळियां करी नाखीए!" सोमवारी करार पक्का, घर वाचलं! त्या रात्री मी राजासारखा झोपलो.

रविवारी दुपारी संस्थेची गाडी मांजरं परत सोडायला आली. अख्खी सोसायटी फाटकाशी जमली होती. अवंतीने पिंजरे उघडले. मला वाटलं, चारही जणं घाबरून चार दिशांना पळतील. कसलं काय! कापल्या कानांची ती चौघं शेपट्या उंच करून, लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखी रांगेने जिना चढू लागली. मागून हर्षदभाई, त्यांच्यामागून सोसायटी, सगळ्यांत शेवटी मी.

मांजरं दुसऱ्या मजल्यावर आमच्या दारासमोर ओळीने बसली. बोक्याने दारावर पंजा मारला.

आतून अभंगाच्याही वर निरुपमाचा आवाज आला, "आलात का रे सोन्यांनो? चार दिवस जीव थाऱ्यावर नव्हता माझा! थांबा, बांगडा निवू दे जरा!"

दार उघडलं. तिच्या हातात ताटली होती, आणि ताटलीत चार डोकी.

हर्षदभाईंनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जयवंतभाई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आ पण गंज छे?"

करार झाला नाही. महिन्याभरात आम्ही सामान बांधलं. मांजरं अजून तिथेच आहेत म्हणे, जिन्याखाली आरामात. जिथे पकडलं तिथेच ठेवायचं, हा नियम आहे ना! पण तो फक्त मांजरांना. आम्हा दोघांना पकडलं सुभानपुऱ्यात, आणि सोडलं थेट लांबच्या समा भागात!