सगुणाबाईच्या चाफ्याची कळी

“सगुणा, खरं सांगितलं तर तुला पटायचं न्हाई. अख्ख्या बदनापुरात कुणालाच पटायचं न्हाई,” रामकिसननं सुरुवात केली.

“मंग सांगूच नका!” त्याची बायको कडाडली.

सगुणाबाईनं खांद्यावरची पिशवी अजून उतरवली नव्हती. आठ दिवस टेंभुर्णीला लेकीकडं राहून ती नुकतीच परतली होती, आणि तिचा कवठी चाफा न्हाणीमागच्या सावलीतून उठून गच्चीवर, वैशाखाच्या उन्हात जाऊन बसला होता. पानं पापडासारखी भाजलेली. कुंडीतल्या मातीला भेगा. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा धरलेली कळी गायब. फांदीच्या टोकाला नुसता तुटका देठ.

त्या कळीसाठी तिनं काय केलं नव्हतं? बोअरचं पाणी खारट, म्हणून वरच्या गल्लीतून गोडं पाणी आणलं. काळी माती चिकट, म्हणून तीत शेणखत नि पालापाचोळा कालवला. दर पंधरवड्याला पातळ आंबट ताक. रामकिसनच्या ताटाला नसलं तरी चालेल, चाफ्याला पाहिजे. शेजारच्या गिरिजाबाईनं पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, “आपल्या मातीत हे फुलणार न्हाई बाई. फुललं तर माझं नाव बदल.” तेव्हापासून सगुणाबाईचा सगळा जीव त्या एका फुलावर होता. आज तर तिनं फोन करून गिरिजाबाईला फूल बघायला मुद्दाम बोलावलं होतं. गिरिजाबाई आलीही होती, आणि दोन्ही गच्च्यांमधल्या कठड्याला टेकून उभी होती.

“सावलीत ऱ्हाऊ द्या म्हणून सांगून गेल्ते ना मी? उन्हात कुणी ठेवलं?”

“मीच. कवठी म्हन्ली ना तू? आपल्या बांधावरच्या कवठाला कुणी पाणी घातलं कधी? भर उन्हात बिलकुल ताठ उभं असतं. हे बिचारं सावलीत गारठून राह्यलं होतं.”

“कवठ न्हाई, कवठी चाफा! नुसता वास असतो कवठाचा! साठी उलटली तुमची, अजून झाडाझाडातला फरक कळंना? कळी कुठंय माझी?”

इथं रामकिसन अडला. कुंडी वर ठेवल्यापासून तो गच्चीवर फिरकलाच नव्हता. पण ‘मला ठाऊक न्हाई’ हे शब्द त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते.

“फुललं ना! असं फुललं, की वास पार स्टेशनापस्तोर. जालन्याची गाडी उभी होती. माणसं पटापटा उतरून इचारू लागली, कवठं कशी दिली?”

“तोंड आवरा!”

“मंग वासावर माकडं आली. दीडशे. म्होरचं एक शेपटीवाचून.”

“माकडं मोजायला टाईम भेटला, तांब्याभर पाणी घालायला न्हाई भेटला!”

“ऐक तर जरा. त्या बांड्यानं फूल तोडलं, नाकाला लावून हुंगलं, एक पाकळी चावली. कवठ न्हाई म्हणून असं पिसाळलं, की ते उष्टं फूल भिरकावलं, ते थेट गिरिजाबाईच्या गच्चीत!”

सगुणाबाईनं पिशवी दाणकन आपटली. पण तिच्याआधी गिरिजाबाईच पुढं झाली. नुसतं हुंगलेलं फूलसुद्धा देवाला न वाहणारी बाई ती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“खोटं! साफ खोटं, भाऊजी!” ती किंचाळली. “उष्टं न्हवतंच ते! परवा पहाटं आंघोळ करून, कठड्यावरून हात घालून मीच तोडलंय, अन् न हुंगता सरळ देवाला वाह्यलंय!”